भिंतीला लागून

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक बिऱ्हाड उतरलं. आधी आवाज आला. सकाळचे सात वाजत आले होते, चहाचं आधण ठेवलं होतं आणि खालून टक्-ठण्ण, टक्-ठण्ण सुरू झालं. कर्वेनगरात राहून ड्रिलचा, काँक्रीट मिक्सरचा, जुन्या इमारती पाडण्याचा आवाज इतका अंगवळणी पडलाय की तिकडे कान जात नाही. हा मात्र तालात होता. गॅलरीतून वाकून पाहिलं तर छोटा हत्ती टेंपो, त्याच्या कडेला बांबूंवर टाकलेली निळी ताडपत्री, पत्र्याची पेटी, डालग्याखाली कोंबड्या आणि जमिनीत रोवलेली ऐरण. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरून हातोडीने टक् करायचा, म्हणजे 'इथे मार'. समोरची बायको त्याच जागी घण घालायची. पदर कमरेला खोचलेला, आणि डोक्यामागून फिरून येणारा घण कधी इंचभर इकडे नाही की तिकडे नाही.

घिसाडी. माझ्या मामाच्या गावी, शिरूरकडे, पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या बैलगाड्या यायच्या. लोक वाट पाहायचे. कुणाचा फाळ शेवटायचा असायचा, कुणाची कुऱ्हाड पाजळायची, खुरपी-विळे तर घरटी दोन-दोन. गावकुसाला चार दिवस पाल पडायचं, पदरात ज्वारी पडायची आणि गाड्या पुढच्या गावाला. मामा म्हणायचा, 'घिसाडी आलेत.' आमच्या सोसायटीत त्याच वाक्याचं झालं, 'घिसाडी बसलेत.'

खरं तर 'घिसाडी' हेही कुणी म्हटलं नाही. आठ वाजेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर वरून काढलेले फोटो आले होते. एकाने लिहिलं, फासेपारधी. दुसऱ्याने, राजस्थानी. तिसऱ्याने ठाम आत्मविश्वासाने, बांगलादेशी. खाली उतरून विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. आपापसात ती माणसं गुजरातीच्या जवळ जाणारं काहीतरी बोलायची आणि गिऱ्हाइकाशी मराठी. माझ्या बंगळूरच्या भाच्यापेक्षा चांगलं मराठी.

पुढच्या दीड महिन्यात एक मजेशीर गोष्ट ध्यानात आली. दया मजल्यागणिक वाढत जाते. तळमजल्यावरच्यांना कोळशाचा धूर लागायचा, त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आमच्यासारखे, 'त्रास होतो हो, पण बिचारे जातील तरी कुठे' म्हणणारे. आणि सातव्या मजल्यावरून संध्याकाळी भट्टीचा फोटो यायचा, खाली 'श्रमाचं सौंदर्य' अशी ओळ. चौथ्या मजल्यावरच्या एका मुलाचा वाढदिवस झाला, तेव्हा आईवडिलांनी त्याला खाली नेऊन बिऱ्हाडातल्या तीन पोरांना केक भरवायला लावला. फोटो काढले. धाकटा झोळीत झोपला होता, त्यालाही उठवलं. आठवड्याभराने त्याच बाईंनी बागेच्या नळाला कुलूप लावायची सूचना मांडली. ढोंग म्हणून मी हे सांगत नाही. त्या बाई चांगल्या आहेत, माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी आठ दिवस डबा दिला होता. केक आणि कुलूप त्यांनी सारख्याच स्वच्छ मनाने दिलं, एवढंच.

नळाला कुलूप बसलं. मग आमचा वॉचमन पहाटे साडेचारला गाडी धुवायच्या पाइपने त्यांचे दोन ड्रम भरून द्यायचा. हे मला माहीत होतं, मी कुणाला बोलले नाही. माझं पुण्य तेवढंच. रस्त्यावर राहणाऱ्या बाईचा दिवस कधी सुरू होतो हे पाण्यावर आणि उजेडावर ठरतं. उजाडण्याआधी सगळं उरकायचं. अंघोळ ताडपत्रीआड, अंगावर लुगडं ठेवूनच. सासूला गुडघ्यामुळे लांब जाववायचं नाही, म्हणून ती संध्याकाळनंतर पाणीच प्यायची नाही.

बिऱ्हाड हा शब्द मी वर सहज लिहून गेले. तो आमच्याच घरातला. माझी आजी नारायण पेठेत एका वाड्यात बिऱ्हाडकरू होती. पुण्यात भाडेकरू म्हणजे बिऱ्हाडच. 'मागच्या चौकातलं बिऱ्हाड', 'जिन्याखालचं बिऱ्हाड'. आजीचं जिन्याखालचं. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली, आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. आजी दोन मुलं, बाळकृष्ण आणि भाताचं पातेलं घेऊन निघाली. पातेल्यात शिजत आलेला भात होता आणि तो टाकून कसा जायचा, हे तिला त्याही घाईत पडलं होतं. दोन दिवसांनी परत आली तर वाड्याच्या जागी मातीचा ढीग, त्यात तुळया उभ्या.

आम्हा नातवंडांना पुराची गोष्ट हवी असायची. पाणी किती चढलं, लाकडी पुलाचं काय झालं, कोण झाडावर चढून वाचलं. आजी ते दोन वाक्यांत संपवायची आणि पुढचं सांगत बसायची. एका शाळेच्या वर्गात पाच कुटुंबं. पहिल्या आठवड्यात कोण कुठून येऊन पिठलं-भात वाढून जायचं, चादरी द्यायचं, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवायचं. कुणी जुने कपडे आणून दिले, त्यात आजीच्या वाट्याला आला एका साहेबाचा लोकरी कोट. जुलै महिन्यात. तो तिने उसवून त्याची दुपटी केली. मग पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. वाढणारे कमी झाले. शाळेतल्या मुलांचे पालक फाटकाशी येऊन विचारायला लागले, 'वर्ग कधी मोकळे करणार?' त्यांचंही चूक नव्हतं, पोरांचं वर्ष बुडत होतं. धान्याच्या रांगेतला माणूस आजीला 'ए बाई, सरक पुढे' म्हणाला. हे तिने मला किमान पन्नास वेळा सांगितलं असेल. घर गेलं, भांडी गेली, लग्नातलं पैठणीचं बोचकं गेलं, ते सगळं ती हसून सांगायची. 'ए बाई' सांगताना मात्र नव्वदीतही तिचा आवाज चढायचा.

पुढे त्यांना निसेन हट मिळाली. अर्धगोल पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात तवा आणि पावसाळ्यात ताशा. माझी आत्या नव्या शाळेत जायची तेव्हा मुली म्हणायच्या, 'ती बघ पूरग्रस्त आली.' आत्या आता पंच्याहत्तरची आहे, औंधला मोठ्या फ्लॅटमध्ये राहते आणि सिग्नलवर काच वाजवणाऱ्या पोरांकडे बघून म्हणते, 'यांना सवय लागलीय गं.'

माझ्याकडे एक विळी आहे. पाट दोनदा बदललेला, पातं जुनं. मी सगळ्यांना सांगत असते की ही आजीला वाड्याच्या चिखलात सापडली. आई म्हणते, काही नाही, पुरानंतर बोहरी आळीतून आणलेली, मी स्वतः बरोबर होते. कुणाचं खरं मानायचं ते माना. तर ती विळी घेऊन ज्येष्ठात एकदा मी खाली उतरले. वैशाखात आलेल्या शेजाऱ्यांशी माझं हे पहिलं बोलणं.

तिने पातं उचकटून हातात घेतलं, नखाने धार चाचपली, ऐरणीवर हलकेच वाजवून कानाशी नेलं.

'लोखंड चांगलं हाय, ताई. आताच्या पात्यात असलं येत न्हाई. पन पानी उतरलंय ह्याचं.'

'किती घेशील?' मी विचारलं आणि माझं मलाच ऐकू आलं. ती मला ताई आणि तुम्ही म्हणत होती, वयाने चार-दोन वर्षांनीच लहान असेल. घरी येणाऱ्या प्लंबरला मी अहो म्हणते.

'ऐंशी द्या. मूठ बी घट्ट करून देते.'

मोठी मुलगी नऊ-दहा वर्षांची. ती सायकलचं चाक बसवलेला भाता फिरवत होती. हात चाकावर, डोळे शेजारच्या पाटीवर, आणि तोंडाने 'सो-सा-य-टी-च्या स-भा-स-दां-चे-च' असं वाचन. आमच्या पार्किंगच्या पाटीचा एवढा उपयोग आजवर कुणाला झाला नसेल. ती तीन गावांतल्या तीन शाळांत गेली होती. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, पुढच्या शाळेत दाखवायला. तिचं कार्ड पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या टाकांच्या खाली ठेवलेलं होतं. त्याच पिशवीतून आईने आणखी एक कागद काढला. 'हे वाचून सांगता का? कागद अपुरे म्हनले, येवढंच कळलं.'

मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी होती. घिसाडी महाराष्ट्रात भटक्या जमातींत मोडतात. दाखला हवा असेल तर विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून राज्यात राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा, असलं काहीतरी.

तारीख मी दोनदा वाचली. पानशेत फुटल्याला त्या दिवशी चार महिने आणि नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी माझी आजीही पुण्यात कुठल्याच घरात राहत नव्हती. भाडेपावत्या, रेशनकार्ड, आजोबांची मॅट्रिकची सनद, सगळं मुठेतून भीमेत गेलेलं. तिच्याकडे घर नव्हतं, पण पूरग्रस्तांच्या यादीत नाव होतं. त्या एका नावावर पुढे सगळं उभं राहिलं. हट, मग दोन खोल्या, मग बाबांची नोकरी, आणि फिरत फिरत कर्वेनगरातली ही गॅलरी, जिथून मी खाली बघत होते.

मी कागदाचा अर्थ सांगितला. घणावरचा हात थांबला नाही. खाटेवरून सासू म्हणाली, 'त्या साली माझा सासरा बार्शी-भूमच्या रस्त्याला होता. रस्त्याला उतारा असतो व्हय? गाडी बी इकली तवाची, न्हाईतर चाकानं सांगितलं असतं.'

म्हातारी भारी होती. राणा प्रतापाच्या वेळी आमचे लोक तलवारी घडवायचे, असं तिने मला सांगितलं, आणि हे सांगताना सून हसली. राजस्थानातल्या गाडिया लोहारांची कथा अशीच आहे. चित्तोड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही, अशी त्यांच्या पूर्वजांची शपथ, आणि १९५५ मध्ये पंडित नेहरू त्यांना चित्तोडगडात घेऊन गेले होते. शपथ सुटली, घरं काही सगळ्यांना मिळाली नाहीत.

भटक्याला संशयाने बघायचं हे आपल्याकडे कायद्यानेच शिकवलं. १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभरातून गेला. घिसाडी, पारधी, कैकाडी, वैदू, प्रत्येकाचं काम वेगळं, बोली वेगळी, पण आमच्या ग्रुपवर सगळे एकच, आणि 'रात्री गॅलरीचं दार लावून घ्या' हा निरोपही सगळ्यांसाठी एकच.

विळी टाकून निघताना टेंपो आडवा का लावलाय, असं मी विचारलं होतं. रस्त्याकडची बाजू त्याने पूर्ण अडवली होती आणि तळमजल्याची मुख्य तक्रार तीच होती. ती म्हणाली, 'वाघोलीचं झाल्यापासनं आडवाच लावतो. पोरं आतल्या अंगाला.' डिसेंबर २०२४ मध्ये, २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर वाघोलीत केसनंद फाट्याला एक डंपर पदपथावर झोपलेल्या माणसांवर चढला. तिघं गेले, त्यात दोन अगदी तान्ही म्हणावीत अशी मुलं. अमरावतीकडून कामासाठी आलेली माणसं. आम्हीही ती बातमी वाचली होती आणि हळहळलो होतो. टेंपो आडवा लावायचं आम्हाला कशाला सुचेल?

माझी एक मैत्रीण शिक्षिका आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजायला ती बॅटरी घेऊन फिरली होती. बेघर म्हणजे कोण, याच्या सूचनांत रस्त्याची कड, पदपथ, ह्यूम पाइप, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, फलाटावर अशी यादी होती. देशभरात त्या मोजणीत सुमारे १७ लाख ७० हजार माणसं भरली. मैत्रीण म्हणाली, 'मला बघून बायका आधी पोरं उचलायच्या. मोजायला आलोय हे पटायलाच वेळ लागायचा. रात्री माणसं फक्त उठवायला येतात.'

जूनमध्ये पालख्या आल्या. आमच्या सोसायटीत दरवर्षी वर्गणी होते. राजगिऱ्याचे लाडू, प्लास्टिकचे रेनकोट, मलमं. पाऊस लागला होता. आम्ही वीस-पंचवीस जण बस करून भवानी पेठेत गेलो, तिथे पालखी विठोबाच्या देवळात ज्ञानोबांची पालखी दोन रात्री मुक्कामाला असते. आजूबाजूच्या दुकानांच्या पायऱ्या, शाळांचे व्हरांडे, पार्किंग, पदपथ, सगळीकडे माणसं आडवी. एरवी त्याच पायऱ्यांवर कुणी टेकू नये म्हणून मालकांनी टोकदार फरशा बसवल्यात. त्यांवर त्या दिवशी पोती टाकलेली. मी एका आजींचे पाय चेपून दिले. टाचांच्या भेगांत रस्त्याची खडी रुतलेली. 'गाव कुठलं, माउली?' 'परतूर.' आमच्यातल्या कुणीही कुणालाही ए म्हटलं नाही. ज्या बाईंनी नळाला कुलूप लावलं होतं, त्या गुडघे टेकून एका म्हाताऱ्याच्या पायाला मलम लावत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. उरलेला एक खोका बसमधून परत आला. गेटाशी उतरलो तेव्हा ताडपत्रीत पाणी साठून ती खाली आली होती आणि भट्टी विझलेली होती. खोका क्लबहाउसात नेऊन ठेवला. 'पुढच्या वर्षी लागतील,' असं कुणीतरी म्हणालं.

त्याच रविवारी बिऱ्हाड हटवण्याच्या अर्जासाठी सोसायटीची मीटिंग झाली. आमच्याकडे एक निवृत्त वकील आहेत. ते उभे राहिले आणि त्यांनी १९८५ चा ओल्गा टेलिस खटला सांगितला. मुंबईतल्या पदपथावरच्या माणसांना हटवण्याचा तो खटला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्या निकालाने म्हटलं. पदपथ अडवायचा हक्क मात्र कुणाला नाही, असंही म्हटलं. फक्त नोटीस द्या, बाजू ऐका. आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, अशी मुदतही दिली. सगळ्यांनी आदराने ऐकून घेतलं. खाली बसल्यावर वकीलसाहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि पहिली सही केली.

सदतिसावी माझी. कारण सांगत बसत नाही. कागद फिरत फिरत समोर आला, पेन त्यातच खोचलेलं होतं, शेजारच्या बघत होत्या.

बुधवारी बिऱ्हाड हटवणारी गाडी आली. मी तेव्हा बँकेत होते. परत आले तर भिंतीला लागून काही नव्हतं. ऐरण उपटलेली जागा, काळा पडलेला गिलाव्याचा पट्टा, कोंबडीची पिसं. विळी दुसऱ्या दिवशी मिळणार होती.

गेली, असं मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. संध्याकाळी ग्रुपवर लिहिलंही, 'आजीची विळी घेऊन गेले.' खाली सतरा उत्तरं. 'वाटलंच होतं.' 'यांना कळत नाही का भावना?' 'पुराची ना ती? अरेरे.' बरं वाटलं. आपल्या सहीला कुणीतरी मागाहून कारण पुरवल्यासारखं वाटलं. चार दिवस मी ती गोष्ट भाजीवाल्यापासून आत्यापर्यंत सगळ्यांना सांगितली.

पाचव्या दिवशी वॉचमन वर आला, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं जड काहीतरी. 'मॅडम, गाडी आली तेव्हा त्या बाईनं घाईघाईत केबिनमध्ये आणून ठेवलं होतं. तुमचं नाव तिला ठाऊक न्हवतं, चौथ्या मजल्यावरच्या ताईंचं, एवढंच म्हनली. मी गावाला गेलो, ध्यानातच राहिलं न्हाई.'

पातं निळसर काळं, धार कागदासारखी. मूठ घट्ट. पहिल्याच दिवशी कोबी चिरताना बोट कापलं.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. भिंतीचा काळा पट्टा रंगवून झाला, त्या जागी सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आल्यात, आणि ऐंशी रुपये चहाच्या डब्याखाली ठेवलेत.